कट्ट्यावर बसलेली सातवी

पत्र

ताई, सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही दोघी-तिघी मैत्रिणी काही वर्षांपासून संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मुलांचा वर्ग चालवतो. समाजमंदिरातली खोली मिळाली आहे. गृहपाठ करून घेतो, इंग्रजी बोलायला शिकवतो, आणि एका ट्रस्टने दिलेले चार संगणक आहेत. चौथी-पाचवीची मुलं इतकी येतात की बसायला जागा पुरत नाही. सहावी लागली की गळती सुरू होते. सातवीचे मुलगे समोरच्याच कट्ट्यावर मोबाईल घेऊन बसतात. हाक मारली की 'येतो अक्का' म्हणतात आणि येत नाहीत. मुली आठवड्यातून दोन-तीन दिवस दिसतात, मग तेही बंद होतं. बिस्किटपुडे देऊन पाहिले, महिनाभर न चुकता येणाऱ्याला कंपासपेटी दिली, बालसमिती नेमली. चार दिवस फरक पडतो, पुन्हा तेच. बहुतेक घरांत आई बिड्या वळते, वडील यंत्रमागावर आहेत, घरी तेलुगू बोलतात. ट्रस्टचे लोक दर तीन महिन्यांनी हजेरीपत्रक मागतात. या मुलांना वर्गात आणायचं तरी कसं? आठवीच्या तर तिघीच उरल्या आहेत. त्यांच्यासाठी वर्ग चालू ठेवावा, की सगळी ताकद लहानांवर लावावी?

– एक वाचक, सोलापूर

उत्तर

'येतो अक्का' वाचून मला हसू आलं. माझं माहेर सोलापूरचं, त्यामुळे हे 'येतो' किती खरं असतं ते मला ठाऊक आहे. पण तुमच्या पत्रातली दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. ही मुलं समोरच्याच कट्ट्यावर बसतात. पूर्व भागात कट्ट्यांची काय कमी? त्यांनी तुमच्या दारासमोरचा निवडलाय. म्हणजे ती तुमच्यावर रुसलेली नाहीत, लांबही गेलेली नाहीत. आत जे चाललंय ते त्यांना नकोय, एवढंच.

आत काय चाललंय ते त्यांच्या बाजूने बघा. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला किमान ८०० तास शिकवणं आहे, सहावीपासून आठवीपर्यंत १०००. म्हणजे सहावीत भार वाढतो हे कायद्यालाही मान्य आहे. दिवसभर बाकावर बसून आलेल्या पोराला तुम्ही पुन्हा सतरंजीवर रांगेत बसवता आणि वही काढायला सांगता. पाचवीतलं मूल ते करतं, कारण त्याला तुम्ही आवडता. सातवीतल्यालाही तुम्ही आवडत असाल, पण त्याला चौथीच्या पोरांसमोर अडखळत वाचायचं नसतं. मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या ग्रामीण भागातल्या 'असर' पाहणीत वर्षानुवर्षं दिसतंय की आठवीतल्या बऱ्याच मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारासुद्धा नीट वाचता येत नाही. शहरातल्या वस्त्यांमध्येही तुम्हाला अशी मुलं भेटत असणारच. अशा मुलाला भर वर्गात 'वाच बघू' म्हटलं, की दुसऱ्या दिवशी तो कट्ट्यावर दिसणार. कट्ट्यावर कुणी वाचायला लावत नाही.

आता मुलींकडे वळते, कारण त्यांचं कारण वेगळं आहे आणि ते तुमच्या हजेरीपत्रकातच दडलेलं असण्याची शक्यता आहे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. गेल्या दोन महिन्यांचं हजेरीपत्रक घ्या आणि त्याच्या शेजारी त्या-त्या गल्लीचे पाण्याचे दिवस लिहा. मला जवळपास खात्री आहे की सहावी-सातवीच्या मुलींचे खाडे पाण्याच्या दिवशी पडलेले दिसतील. आई बिड्यांवर बसलेली असते, भाऊ बाहेर असतो, नळाला तोटी लावून पिंप-घागरी भरायचं काम बारा वर्षांच्या पोरीचं. उरलेले खाडे बिड्यांचे. कारखान्यातून पानं-तंबाखू आणायची, वळून झालेल्या बिड्या नेऊन द्यायच्या आणि मजुरी दर हजार बिड्यांमागे मिळणार. हजार भरत नसतील तर पानं कापायला लेकीला बसवलं जातं. १९८६च्या बालमजुरी कायद्यापासून बिडी वळणं धोकादायक कामांच्या यादीत आहे. ते तुम्हाला माहीत असावं, पण पहिल्याच भेटीत आईला कायदा ऐकवू नका. दार बंद होईल आणि मुलगी कायमची जाईल. तिला एवढंच विचारा, 'आठवड्यातले कुठले दोन दिवस हिला सोडता येईल?' दोन दिवस मागितले तर आई देते. रोज मागितलं तर एकही मिळत नाही.

म्हणून पहिला बदल वेळेचा. सहावी ते आठवीसाठी रोजचा वर्ग बंद करा. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपार मोकळी मिळते. शनिवारी दोन ते पाच हा मोठ्यांचा मुख्य वेळ ठेवा आणि त्याशिवाय आठवड्यात दोन संध्याकाळी, पाण्याचे दिवस बघून. त्या वेळी लहानांना सुट्टी. एकच खोली असल्यामुळे लहान-मोठी सगळी एकत्र बसवली जात असतील, तर सातवीच्या मुलाला ती खोली बालवाडीसारखी वाटते, आणि त्याचं काही चुकत नाही.

कंपासपेटीचं बक्षीस मात्र आजच बंद करा. महिनाभर न चुकता कोण येऊ शकतं? जिच्या घरी पाणी भरायला दुसरं कुणी आहे, जिला पानं कापावी लागत नाहीत, तीच. ज्या मुलीने धडपडून दहा दिवस काढले तिला तुम्ही सगळ्यांदेखत रिकाम्या हाताने परत पाठवता. बिस्किटाचं तसं नाही. खाऊ हवाच, पण तो आमिष म्हणून शेवटी नको, आल्या आल्या आणि सगळ्यांना हवा. शाळेतल्या पोषण आहाराचं प्रमाण सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं असं आहे, आणि ते जेवण दुपारचं. साडेपाचला त्यातलं पोटात काय उरणार? तुमच्या गावात तर उत्तर तयार आहे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी आठवडाभर टिकते, चटणीही टिकते, आणि वस्तीतल्याच एखाद्या बचत गटाकडून घेतली तर पैसाही तिथेच राहतो. बिस्किटापेक्षा स्वस्त पडेल का, ते हिशोब करून बघा. पोट नक्कीच जास्त भरेल.

हे सगळं केलंत तरी मुलं फार तर येतील. टिकण्याचं कारण वेगळं असतं, आणि ते तुम्ही दरवर्षी डोळ्यांनी बघता. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, पुढे गणपती येतात. त्याआधी हेच कट्ट्यावरचे मुलगे रोज संध्याकाळी लेझीमच्या सरावाला जातात की नाही? तिथे बिस्किट मिळत नाही. हात दुखतात, पाऊल चुकलं की मोठी पोरं सगळ्यांसमोर ओरडतात. तरी जातात, पावसातही जातात. कारण रांगेतला एक जण आला नाही तर रांग तुटलेली दिसते आणि दुसऱ्या दिवशी चार जण 'कुठं होता बे?' म्हणून विचारतात. तुमच्या वर्गात सातवीतला एक मुलगा आला नाही तर काय अडतं? हजेरीपत्रकात एक फुली पडते. मोठ्या मुलांना वर्गात आणायचं असेल, तर त्यांच्यावाचून अडेल असं काहीतरी तिथे असायला हवं. बाकी उपाय त्याच्या मागून.

असं काम तुमच्याकडे आयतंच आहे, आणि ते पाण्याचंच आहे. कुठल्या गल्लीत कुठल्या दिवशी पाणी आलं, किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, जोर कसा होता, याची नोंद कुणीही वस्तीच्या उपयोगाची अशी ठेवत नाही. महापालिकेचं वेळापत्रक असतं, पण बायकांचा खरा आधार शेजारणीच्या हाकेवर. मुलांनी आपापल्या गल्लीची नोंद ठेवायची आणि समाजमंदिराबाहेर एका मोठ्या फळ्यावर ती लिहायची. मोबाईल आहेच हातात. नळ सुरू झाला की एक फोटो, बंद झाला की एक, वेळ आपोआप कळते. महिन्याभरात वस्तीचा नकाशा तयार होईल. कुठे पाणी उशिरा पोचतं, का पोचतं, उंच भाग कुठला, हे शोधायला लागलात की भूगोल आला, सरासरी आली, आलेख आला. व्हॉल्व्ह सोडणाऱ्या चावीवाल्याला एका शनिवारी बोलवा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. उजनीचं पाणी शहरापर्यंत येतं कसं इथपासून सुरुवात करा. एकदा बायका फळा वाचायला लागल्या की फळा कोरा दिसताच त्या पोरांना हटकतील, तुम्हाला नाही. तेच हवंय.

याची सुरुवात खोलीत करू नका, कट्ट्यावर करा. तारा­बाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षिकांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत कुरणशाळा काढली ती याच विचाराने. मुलं गुरं चारायला जात होती म्हणून शाळाच कुरणावर गेली. तुमचं कुरण वीस पावलांवर आहे. पहिले काही दिवस कॅरम बोर्ड बाहेर नेऊन ठेवा, तुम्हीही खेळा, हरा. वर्गाचा विषय काढू नका. मग एक दिवस सरळ मदत मागा, 'तुमच्या गल्लीत काल पाणी कधी आलं रे? मला नोंद हवी आहे.' मोबाईल काढून घेण्याच्या फंदात पडू नका. फ्री फायर मॅक्ससारख्या मोबाईलवरच्या खेळाशी भांडून कुणीही जिंकलेलं मी पाहिलेलं नाही. खोलीत आल्यावर फोन कुठे ठेवायचा हे मुलांनीच ठरवू दे. ती तुमच्यापेक्षा कडक नियम करतील, आणि चार दिवसांनी स्वतःच मोडतील. मोडले की पुन्हा बसून ठरवायचं.

आता तुमचे चार संगणक. पत्रात लिहिलेलं नाही, पण टायपिंग आणि चित्र रंगवणं यापलीकडे फारसं काही होत नसावं असा माझा अंदाज आहे. (चुकत असेन तर सोडून द्या.) या मुलांच्या वडिलांच्या मागावर संगणकाचा आजोबा बसलेला आहे हे त्यांना कुणी सांगितलंय का? सोलापुरी चादरीवरची नक्षी मागावर बसवलेल्या जॅकार्ड नावाच्या यंत्रातून येते. मागाच्या वर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते. पट्टीला जिथे भोक आहे तिथे उभा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथे धागा खालीच राहतो. होय किंवा नाही, एवढीच भाषा. फ्रान्समधल्या लियाँ गावच्या जॅकार्डने १८०४ साली हे यंत्र बनवलं, आणि १८३०च्या दशकात इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या आकडेमोडीच्या यंत्रासाठी भोकाच्या पट्ट्यांची तीच कल्पना उचलली. तुमचा संगणक आजही आतून होय-नाहीवरच चालतो.

हे भाषण म्हणून सांगू नका. आधी आलेखाचा कागद द्या. सोळा बाय सोळा चौकटीत प्रत्येकाने एक नक्षी भरायची, मोर, फूल, काहीही. मग जोड्या करा. एकाने आपली नक्षी न दाखवता ओळीओळीने वाचायची, 'तीन रिकामे, दोन भरलेले, सहा रिकामे', दुसऱ्याने ऐकून आपल्या कागदावर भरायची. मोराचा कोंबडा होतो, हशा पिकतो, आणि संगणक चित्र कसं साठवतो ते बोलता बोलता कळतं. पुढच्या शनिवारी तेच संगणकावर, हिशोबाच्या तक्त्याचे (स्प्रेडशीटचे) चौकोन रंगवून. त्यानंतर यंत्रमागावरच्या एखाद्या वडिलांना पाळी सुटल्यावर बोलवा, जॅकार्डची एक जुनी पट्टी घेऊन यायला सांगा. काही कारखान्यांत आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले आहेत. तसा एखादा बघायला मिळाला तर उत्तमच, पुठ्ठ्याची जागा चिपने कशी घेतली तेही दिसेल. हे वडील शाळेच्या पालकसभेला कधी जात नाहीत, कारण तिथे त्यांना फक्त ऐकून घ्यावं लागतं. इथे ते शिकवतील. तेलुगूत शिकवतील, आणि तुम्हाला समजावून सांगायला मुलं पुढे येतील. शाळेत जी भाषा ही मुलं लपवतात, तिच्यामुळे एक संध्याकाळ ती तुमच्यापेक्षा हुशार ठरतील. ती संध्याकाळ फुकट घालवू नका.

वाचनाचं काय, असं तुम्ही विचाराल. अडखळणाऱ्या सातवीच्या मुलाला दुसरीचं पुस्तक स्वतःसाठी वाचायला दिलं तर तो मेला तरी वाचणार नाही. पण पहिलीच्या दोन पोरांना गोष्ट वाचून दाखवायची जबाबदारी दिली, तर तेच पुस्तक तो आदल्या दिवशी घरी नेऊन गुपचूप तीनदा वाचतो. एका वेळी वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. तो काही तुमचा फुकटचा शिक्षक नाही. आणि तो वाचत असताना तुम्ही मागे उभं राहून चुका दुरुस्त करायच्या नाहीत.

बालसमितीबद्दल जरा परखड बोलते. त्या समितीने आजवर तुमच्या मनाविरुद्ध एक तरी निर्णय घेतलाय का? नसेल घेतला, तर मुलांना ती कळलेली आहे, तुम्हालाच कळलेली नाही. रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या एका पुस्तिकेत मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला बसवणं आणि नावापुरतं विचारणं. त्यांना तो सहभाग म्हणतच नाही. आपल्याकडच्या बहुतेक बालसमित्या तिसऱ्या पायरीवर बसून असतात, दोन हुशार मुली आणि एक गोंडस मुलगा, पाहुणे आले की पुष्पगुच्छ द्यायला. समिती खरी करायची असेल तर तिच्या हातात पैसे द्या. महिन्याला तीनशे रुपये पुरेत. काय आणायचं ते त्यांनी ठरवायचं, त्यांनीच जाऊन आणायचं, हिशोब भिंतीवर लावायचा. पहिल्या महिन्यात ते पैसे बहुधा कॅरमची पावडर आणि काहीतरी रंगीत निरुपयोगी वस्तू यांवर जातील. जाऊ द्या. तोंडातून एक शब्द काढू नका. दुसऱ्या महिन्यात भांडणं होतील, आणि ती भांडणं तुमच्या इंग्रजीच्या तासापेक्षा मोलाची असतील.

मुलींच्या तीन गोष्टी राहिल्या. समाजमंदिराचं स्वच्छतागृह उघडं असतं का, तिथे पाणी आणि आतून कडी आहे का, ते आजच जाऊन बघा. सातवीत पाळी सुरू होते आणि कडी नसलेल्या स्वच्छतागृहामुळे मुलगी महिन्यातले चार दिवस गेली की उरलेलेही जातात. हे कारण ती कुणालाच सांगणार नाही. दुसरं, हिवाळ्यात साडेसातला काळोख असतो. साडेसहाला सोडा, एका गल्लीच्या मुली एकत्र जातील असं बघा. तिसरं, मैदान. जागा कितीही असो, ती मुलगे व्यापतात आणि मुली कडेला उभ्या राहून बघतात. आठवड्यातला एक दिवस मैदान फक्त मुलींचं करा आणि खो-खो सुरू करा. दोन खांब आणि चुन्याची रेघ एवढाच खर्च. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताच्या मुलींनी जिंकला आणि कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. आया 'पोरीच्या जातीला खेळ कशाला' म्हणाल्या तर हे सांगायला उपयोगी पडेल. मुलींना सांगायची गरज नाही. त्यांना पळायला मिळालं की पुरे.

ट्रस्टच्या लोकांना हजेरीपत्रक द्या, पण त्याच्यासोबत आणखी एक कागद द्या. मागच्या जूनमध्ये सहावीत असलेली किती मुलं या जूनमध्येही तुमच्याकडे आहेत, हा एकच आकडा. मोठ्या मुलांनी आठवड्यातून दोनदा येणं हे चांगलं येणं आहे, हे त्यांना स्पष्ट सांगा. नाहीतर तुम्ही त्यांच्या आकड्यासाठी चौथीची मुलं कोंबत राहाल.

आठवीच्या तिघींसाठी वर्ग चालू ठेवा. त्यात मला अजिबात शंका नाही. एवढ्या गळतीतून ज्या टिकल्या त्या काहीतरी कारणाने टिकल्या, आणि ते कारण माझ्यापेक्षा त्या चांगलं सांगतील. त्यांनाच विचारा की सातवीतल्या त्यांच्या मैत्रिणी का गेल्या. घरच्यांना पटेल असं एक ठोस कारणही द्या. आठवीत केंद्र सरकारच्या एन.एम.एम.एस. शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल तर. पास होऊन निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये थेट खात्यात. बिड्या वळणाऱ्या घरात हा आकडा काय असतो, ते तुम्ही जाणता. अर्ज शाळेमार्फत भरायचा असतो आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. तो काढायला वेळ जातो, म्हणून शाळा उघडल्या उघडल्या तिघींच्या आयांना घेऊन सेतू कार्यालयात जा. बँक खातं मुलीच्या नावाने आहे का, आधारवरचं नाव शाळेतल्या नावाशी जुळतं का, तेही त्याच फेरीत बघून घ्या. तेलुगू आडनावांची स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेची असतात आणि पैसे तिथेच अडकतात.